केलाँगचे हायडे दांपत्य : दोघांचे कागद, दोन वेगळी दप्तरे

उत्तरवाट (धागालेखक)

मनालीहून लेहला जाणारे आपल्यापैकी बहुतेक जण हिमाचलच्या लाहौल खोऱ्यातल्या केलाँगला एक रात्र काढतात, सकाळी पराठा खातात आणि बारालाचा खिंडीच्या दिशेने निघून जातात. मीही दोनदा तसेच केले. तिसऱ्या खेपेला दरड कोसळून रस्ता बंद झाल्यामुळे तीन दिवस तिथे अडकलो, आणि ज्या गावात मी अडकलो होतो त्याच गावात एक जर्मन जोडपे आपण होऊन एकोणचाळीस वर्षे राहिले होते, ही गोष्ट मला त्या तीन दिवसांत कळली. परत आल्यावर पुण्यात थोडे जर्मन शिकलेलो असल्याच्या भरवशावर त्यांच्याविषयी जे मिळेल ते वाचत गेलो. हा धागा त्या वाचनातून निघाला आहे. विषय धर्मप्रसाराचा नाही, त्या दोघांनी मागे ठेवलेल्या कागदांचा आहे, म्हणून चर्चा शक्यतो कागदांभोवती राहावी अशी विनंती.

आधी माणसे कोण ते सांगतो. विल्हेल्म हायडे यांचा जन्म १८२५ चा. हातातला व्यवसाय कल्हईवाल्याच्या जवळचा, म्हणजे पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराचा. ते मोरावियन बंधुसंघाचे, म्हणजे एका प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे होते. या संघाचे मूळ ठाणे जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातले हेर्नहूट हे १७२२ साली वसलेले छोटे गाव. १८५३ मध्ये हायडे आणि त्यांचे सहकारी एडुआर्ड पागेल यांना संघाने धर्मप्रसारासाठी मंगोलियाला धाडले. रशियाने आपल्या मुलखातून वाट दिली नाही, म्हणून ते समुद्रमार्गे कलकत्त्याला उतरले आणि हिमालय चढून पलीकडे जाण्याच्या बेताने सिमल्याच्या वरच्या अंगाला कोटगढला तिबेटी शिकत बसले. १८५५ मध्ये लडाखपर्यंत जाऊन आले, पण पुढे तिबेटच्या हद्दीत त्यांना कोणी पाऊल टाकू दिले नाही. तेव्हा हद्दीच्या अलीकडे, पण हद्दीला जितके चिकटून राहता येईल तितके राहावे, या विचाराने १८५६ मध्ये त्यांनी केलाँग निवडले. लाहौल त्याआधी दहाच वर्षे, १८४६ मध्ये, इंग्रजांच्या ताब्यात आले होते. म्हणजे मंगोलियाला निघालेला माणूस सीमेच्या अलीकडच्या शेवटच्या गावात थांबला आणि वाट उघडण्याची वाट पाहता पाहता तिथलाच झाला.

मारिया हार्टमान यांचा जन्म १८३७ चा, तोही दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये, कारण त्यांचे आईवडील तिथे याच संघाचे काम करत होते. शिक्षणासाठी लहानपणीच त्यांची रवानगी जर्मनीला झाली. वडील वारले, आई तिकडेच जंगलातल्या वस्त्यांमध्ये एकटीने काम करत राहिली. १८५९ मध्ये तीन वधू केलाँगला पोहोचल्या, एक पागेल यांच्यासाठी, एक भाषापंडित हाइनरिख येश्के यांच्यासाठी आणि तिसऱ्या मारिया. नवरामुलगा आधी पाहिलेला नव्हता. संघाच्या वडीलधाऱ्यांनी स्थळ सुचवले, मुलीने होकार दिला आणि ती समुद्र ओलांडून, मग रोहतांगची खिंड ओलांडून, चौतीस वर्षांच्या वराच्या दारात येऊन उभी राहिली. आपल्याकडे सांगून आलेल्या स्थळांच्या गोष्टी पुष्कळ आहेत, परंतु एवढ्या लांबचे सांगून आलेले स्थळ माझ्या तरी ऐकण्यात नाही.

आता कागदांकडे येतो. या जोडप्याचे दोन प्रकारचे कागद आहेत आणि ते एकमेकांशी फार कमी बोलतात, हे माझे मुख्य निरीक्षण आहे. विल्हेल्म यांचे लेखन बव्हंशी वरच्या कचेरीसाठी आहे. ठाण्याचा वृत्तान्त, प्रवासाची हकिकत, वर्षअखेरचा अहवाल. हे सारे हेर्नहूटला जायचे, तिथे काटछाट होऊन संघाच्या नियतकालिकांतून छापले जायचे आणि ते वाचून युरोपातले श्रद्धाळू लोक वर्गणी पाठवायचे. म्हणजे हा माणूस लिहायला बसला की त्याच्या खांद्यावरून अख्खी मंडळी डोकावत असे. मारिया यांची रोजनिशी वेगळी आहे. ती १८६२ पासून पुढे अनेक वर्षे चालली आणि तिच्यातला काही भाग अभ्यासकांनी जुन्या जर्मन हस्ताक्षरातून वाचून छापील लिपीत उतरवला आहे. नोंदी तोकड्या आहेत. हवा, घरात कोण आजारी, कोण आले, काय शिवले, कोणते पत्र आले, कोणते गेले. छापण्यासाठी लिहिलेले त्यात काही नाही, आणि म्हणूनच सरहद्दीवरचे घर कसे चालत होते हे कळते ते तिथूनच.

एक उदाहरण देतो. रोहतांगची उंची ३,९७८ मीटर. त्या काळी बर्फ पडू लागले की लाहौलचे दार लागत असे, ते वसंत सरेपर्यंत. अहवालात हिवाळा एका वाक्यात उरकता येतो, कारण अहवाल वर्षाच्या हिशेबाने चालतो. रोजनिशीला तशी सवलत नसते. तिला प्रत्येक दिवस लिहावा लागतो आणि ज्या दिवशी काही घडले नाही तोही दिवस कागदावर जागा घेतो. डाक न येण्याचे महिने म्हणजे काय असते ते मला तारखांच्या त्या ओळीने समजले.

कोणी हे कागद, किंवा अशा धर्तीचे दुसरे कागद, वाचले असल्यास लिहावे.

बोरूबहाद्दर

उत्तम विषय. मी मोडी वाचतो, जर्मन अजिबात येत नाही, तरी ‘जुन्या जर्मन हस्ताक्षरातून छापील लिपीत’ या शब्दांवर अडखळलो. हे हस्ताक्षर आजच्या जर्मन माणसाला वाचता येत नाही काय?

उत्तरवाट

येत नाही, आणि इथेच आपल्याला त्याची गंमत चटकन कळते. त्या लिपीला कुरेंट म्हणतात, म्हणजे धावती लिपी. शाळेतून ती विसाव्या शतकाच्या मध्याला हद्दपार झाली, त्यामुळे आज आजीचे पत्र वाचायला नातवाला वर्ग लावावा लागतो. ‘ए’ हे अक्षर ‘एन’सारखे दिसते, ‘एन’ हे ‘यू’सारखे दिसते, म्हणून ‘यू’च्या डोक्यावर एक छोटा कोयता काढतात. घाईत लिहिणाऱ्याने तो कोयता विसरला की वाचणारा बुडाला. एखादा शब्द म्हणजे नुसत्या वरखाली जाणाऱ्या दातेरी रेषा, करवतीच्या पात्यासारख्या. मी एका नमुन्याच्या पानावर चार ओळींना दोन संध्याकाळी घालवल्या, आणि ज्या शब्दावर सर्वांत जास्त वेळ गेला तो अखेर ‘आणि’ निघाला.

बोरूबहाद्दर

हे तर आमचेच दुखणे! मोडीतही आधी कागदभर शिरोरेघ ओढून मग तिला अक्षरे लटकवत जायचे, शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्वदीर्घ पाळायचे नाही, आणि लेखणी शक्य तोवर उचलायची नाही. पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. पेशवे दप्तरातले बहुसंख्य कागद कारकुनांनी लिहिलेले आहेत. कारकुनाचा हात सरावाचा असतो, त्याचे वळण एकदा ओळखले की शेकडो कागद उलगडतात. घरगुती रोजनिशी लिहिणारीचा हात रोज वेगळा. आज मूल कडेवर आहे, उद्या ताप आहे, परवा शाई पातळ झाली आहे. वाचणाऱ्याला तो त्रास असतो, पण पान त्या दिवशीचेच आहे याची ती खूणही असते. मारियाबाईंचे मूळ पान मी पाहिलेले नाही, तरी एवढे मी पैजेवर सांगेन की हिवाळ्यातली अक्षरे उन्हाळ्यातल्यापेक्षा वेगळी असतील, कारण गारठलेल्या बोटांनी वळण टिकत नाही.

शंकासूर

धागालेखकांनी सुरुवातीलाच ‘विषय धर्मप्रसाराचा नाही’ असे सांगून कुंपण घातले आहे, परंतु ते कुंपण टिकेल असे मला वाटत नाही. हे दोघे तिथे गेले ते हवापालटासाठी नव्हे. ज्या लोकांच्या देवांना ते चूक मानत होते त्या लोकांच्या गावात राहून त्यांनी कागद लिहिले. त्यांचे घर आपल्याला दिसते, पण ज्याच्या जमिनीवर ते घर उभे राहिले, जो त्यांची डाक पाठीवर घेऊन रोहतांग ओलांडत होता, त्याला या कागदांत स्वतःचा आवाज नाही. बोलणारी बाजू एकच आहे. तोकड्या नोंदी आणि घरगुती तपशील यांमुळे कागद निरागस ठरत नाहीत. उलट, धुण्याच्या आणि शिवणाच्या नोंदी वाचता वाचता वाचकाला त्या बाईविषयी ममत्व वाटू लागते आणि मग कठीण प्रश्न विचारायचे राहून जातात.

उत्तरवाट

आक्षेप रास्त आहे आणि कुंपण मी मागे घेतो. मात्र दोन गोष्टी तपासून पाहाव्यात असे सुचवतो.

पहिली अशी की, ज्या कामासाठी ते गेले त्यात त्यांना जवळजवळ अपयश आले, आणि हे त्यांचेच कागद सांगतात. बाप्तिस्मा घेणारे पहिले लोक मिळायला १८६५ साल उजाडले, आणि पुढच्या काळातही जे थोडके आले त्यांतले बरेच लडाखकडून आलेले होते. केलाँगचा शेतकरी त्यांच्याकडून औषध घेत होता, बियाणे घेत होता, मुलाला अक्षरे शिकवून घेत होता, हिवाळ्यात शेकोटीला बसून गोष्टीही ऐकत होता, आणि मग नदीपलीकडच्या कार्दांगच्या गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, जाऊन आपला नमस्कार आपल्या जागी घालत होता. त्याचा आवाज कागदात नसेल, परंतु त्याचा नकार प्रत्येक अहवालात आहे. चाळीस वर्षे टिकणारा नकार हा दुबळ्या माणसाचा नसतो.

दुसरी गोष्ट भाषेची. येश्के हे असामान्य भाषापंडित होते. त्यांचा तिबेटी-इंग्रजी कोश १८८१ मध्ये निघाला आणि अभ्यासक अजूनही तो उघडतात. केलाँगला शिळाप्रेस बसवून त्यांनी तिबेटीत पुस्तिका छापल्या. पण केलाँगच्या घराघरांत बोलली जाणारी भाषा तिबेटी नव्हे. ती बुनान. खाली चंद्रा नदीच्या काठाला तिनान, चिनाबच्या अंगाला पट्टनी. तिबेटी ही पोथीची आणि लामांची भाषा. म्हणजे विल्हेल्म आणि येश्के ज्या भाषेत छापत होते ती वाचणारे थोडे आणि बहुधा पुरुष. चुलीपाशी बसणाऱ्या बायकांशी बोलायचे तर छापील कागद निरुपयोगी होता. तिथे दुसरेच साधन लागले, आणि ते मारिया यांच्या हातात होते. त्याविषयी कोणी जाणकार लिहील अशी आशा आहे.

दोन_सुलट_दोन_उलट

हे आमंत्रण मलाच दिसते, म्हणून लिहिते.

मी पंचेचाळीस वर्षे विणकाम करते आहे. लाहौली पायमोज्यांचा एक जोड माझ्या भाच्याने मनालीच्या बाजारातून आणून दिला, तेव्हा त्यामागे मारिया हायडे आहेत हे मला ठाऊक नव्हते. लाहौलच्या बायकांना लोकर नवी नव्हती. मेंढ्या घरच्या, कातणे घरचे, मागावर पट्ट्या विणणेही घरचे. पण सुयांवर टाके घालून गोल विणणे, म्हणजे शिवण न घालता पायाच्या आकाराची नळी तयार करणे, ही कला या जर्मन बायकांच्या हिवाळी वर्गांतून तिथे रुजली, असे तिथले लोकच सांगतात. आज लाहौली विणलेले मोजे आणि हातमोजे यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

माझ्याकडचा जोड मी आतून बाहेर करून पाहिला, कारण विणकाम वाचायचे असेल तर ते उलट्या बाजूने वाचावे लागते. एका ओळीत दोन रंग खेळवले आहेत आणि जो रंग त्या टाक्यात नको असतो तो मागून सैल धाग्याने वाहून नेला आहे. असे मागून जाणारे धागे चार-पाच टाक्यांपेक्षा लांब असले तर पायाचे बोट त्यात अडकते. या जोडात एकही धागा तेवढा लांब नव्हता. जिने विणले तिने घालणाऱ्याच्या बोटाचा विचार केला होता. नक्षी मात्र जर्मन अजिबात नाही. ठिपके, पायऱ्या, चौकोनात चौकोन, रंग भडक आणि शेजारी शेजारी बसवलेले, म्हणजे डोंगरातल्या विणीच्या पट्ट्यांवर दिसते तेच. तंत्र परक्याचे, मन आपले. शंकासूर यांनी ‘दुसऱ्या बाजूचा आवाज नाही’ असे म्हटले आहे, तर त्या बाजूच्या बायकांनी उत्तर कागदावर लिहिले नसेल, लोकरीत लिहिले असेल, एवढे तरी मान्य करावे.

आणि एक गोष्ट खटकली ती नोंदवून ठेवते. संघाच्या याद्यांमध्ये ‘बंधू हायडे आणि भगिनी हायडे’ अशी जोडनोंद असे, असे मी वाचले. आपल्या लग्नपत्रिकांत ‘श्री. व सौ.’ असते आणि सौ.ना स्वतःचे नाव नसते, त्याचीच ही मावसबहीण.

शंकासूर

मोज्यांचा मुद्दा मान्य. लोकरीत लिहिलेले वाचायला मला येत नाही, ही माझी उणीव समजावी. तरी एक विचारतो. त्या वर्गांमध्ये मोजे विणता विणता बायबलच्या गोष्टी सांगितल्या जात असणारच. म्हणजे वर्ग हा आमिषाचाच प्रकार ठरतो की नाही?

दोन_सुलट_दोन_उलट

गोष्टी सांगितल्या जात असणारच, त्यात शंका नाही. पण टाके मोजणाऱ्या बाईला आपण कधी पाहिले आहे काय? ती ‘हो, हो’ म्हणते आणि सतरा, अठरा, एकोणीस मोजत असते. परिणाम समोर आहे. गोष्टी राहिल्या नाहीत, मोजे राहिले.

ड्रेस्डेनकर

मी गेली अकरा वर्षे सॅक्सनीत राहतो. हेर्नहूट माझ्या घरापासून गाडीने सव्वा तासावर आहे, म्हणून थोडी प्रत्यक्ष भर घालतो. गाव लहान, पोलंड आणि चेकच्या सरहद्दीजवळचे, म्हणजे तेही एका सीमेवरचेच. २०२४ मध्ये संघाच्या जुन्या वसाहतींना जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यांत ते आहे. गावात संघाचे दप्तरखाने आहेत. जगभरच्या ठाण्यांवरून आलेले वृत्तान्त, पत्रे, नकाशे, छायाचित्रे, सगळे तिथे एकत्र येते. ग्रीनलंडचा कागद, लाब्राडोरचा कागद, सुरिनामचा कागद आणि लाहौलचा कागद एकाच छताखाली.

या संघाची एक रीत इथे सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक सभासदाने उतारवयात आपला जीवनवृत्तान्त स्वतः लिहून ठेवायचा आणि तो अंत्यविधीच्या वेळी मंडळींपुढे वाचला जायचा. शेवटचा परिच्छेद, म्हणजे मृत्यूचा, घरच्या कोणीतरी जोडायचा. हजारो सामान्य माणसांचे, सुतारांचे, दायांचे, विधवांचे असे वृत्तान्त जपलेले आहेत. नवऱ्याचा वेगळा, बायकोचा वेगळा. धागालेखकांनी ‘दोघांचे कागद एकमेकांशी कमी बोलतात’ असे म्हटले त्याचे मूळ काही अंशी या रीतीत असावे. इथे माणूस देवापुढे एकेकटा उभा राहतो, जोडीने नाही.

गावाबाहेरच्या टेकडीवर त्यांची दफनभूमी आहे. सगळे दगड सारख्या आकाराचे आणि जमिनीला सपाट टेकलेले, श्रीमंत-गरीब भेद नाही. पण पुरुष एका अंगाला आणि स्त्रिया दुसऱ्या अंगाला. पन्नास वर्षे एकत्र संसार केलेले जोडपेही मधला रस्ता सोडून अलीकडे-पलीकडे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सौभाग्यवती सोबत होत्या. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग म्हणाल्या की निदान दगड तरी सारखा दिला आहे.

भिडस्त

वाचनमात्र असतो, पण राहवले नाही म्हणून विचारतो. या दांपत्याला मुले होती काय? एवढ्या उंचीवर, दवाखाना नसताना, मुले कशी वाढवली?

उत्तरवाट

होती, आणि त्यांची हकिकत या सगळ्या कागदांतली सर्वांत जड बाजू आहे. काही मुले लहानपणीच गेली आणि तिथेच पुरली गेली. जी जगली त्यांना संघाच्या नियमाप्रमाणे शाळेच्या वयात जर्मनीला पाठवावे लागले. क्लाइनवेल्का या गावी अशा मुलांसाठी वसतिगृहाची शाळा होती. ग्रीनलंडची, आफ्रिकेची, लाहौलची मुले तिथे एकत्र वाढत. म्हणजे सुरिनामहून लहान मुलगी म्हणून ज्या वाटेने मारिया गेल्या होत्या, त्याच वाटेने त्यांनी आपली मुले पाठवली. एकदा मूल रोहतांगपलीकडे उतरले की पुढचे पंधरा-वीस वर्षे ते आईवडिलांना पत्रातच भेटायचे. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला, तरी मूल काही परत येत नव्हते, येत होते ते पत्रच, तेही हिवाळ्यात घाटाखाली अडकून पडलेले.

हे वाचताना मला एक गोष्ट उशिरा सुचली. एवढे खासगी कागद या घराकडे साठले कशामुळे? एका छपराखाली राहणारी माणसे एकमेकांना लिहीत नाहीत. विल्हेल्म आणि मारिया यांनी एकमेकांना लिहिलेले फारसे नसणार हे उघड आहे, तो ठाण्याबाहेर फिरतीवर असेल तेवढे सोडून. कागद साठले ते मुलांच्या ताटातुटीने. मुले घरी राहिली असती तर त्यांना खरे आईवडील मिळाले असते आणि आपल्याला काहीच मिळाले नसते. पुढे त्यांचे चिरंजीव गेरहार्ड हायडे यांनी १९२१ मध्ये आईवडिलांचे चरित्र लिहिले. ज्या आईला त्यांनी बालपणानंतर मुख्यतः कागदावरच पाहिले होते, तिला त्यांनी पुन्हा कागदावर आणले.

बोरूबहाद्दर

एक सूचना. विल्हेल्म यांचे लेखन ‘कचेरीसाठी’ म्हणून धागालेखकांनी थोडे खाली ढकलले आहे, ते मला पटत नाही. मोडी दप्तरात राहून राहून मला हिशेबाच्या कागदांविषयी फार आदर निर्माण झाला आहे. कोण काय देऊन काय घेऊन गेला हे लिहिणारा कारकून बखरकारापेक्षा कमी खोटे बोलतो. केलाँगचा शेतकरी या गृहस्थाच्या ठाण्यातून बियाणे घेत होता, असे आपणच म्हणता. त्यांचे ते तपशील कुठे तरी असतीलच.

उत्तरवाट

टोचणी योग्य जागी लागली. विल्हेल्म हे हाताने काम करणारे गृहस्थ होते आणि ठाण्याची शेती त्यांनी जिवापाड केली. लाहौलमध्ये बटाटा आणण्याचे श्रेय सर्वसाधारणपणे याच ठाण्याला दिले जाते. आज तिथले बियाण्याचे बटाटे मैदानी प्रदेशातले शेतकरी मुद्दाम मागवतात. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी पुढे लाहौलविषयी जे लिहिले त्यातही हायडे यांच्याकडून मिळालेल्या माहितीचा आधार आहे. म्हणजे खोऱ्याविषयी सरकारी कागदांत जे पक्के झाले त्याचा एक झरा केलाँगच्या त्या घरातून निघतो. मी ‘कचेरीसाठी’ म्हटले ते कमीपणा देण्यासाठी नव्हे. एवढेच म्हणायचे होते की, त्यांचे लेखन वाचताना वाचणारा कोण होता हे लक्षात ठेवावे लागते.

तुलनेसाठी पागेल दांपत्याचे पाहा. ते १८६५ मध्ये सतलजच्या खोऱ्यात, किन्नौरमधल्या पू या गावी गेले. केलाँगपेक्षाही एकाकी ठिकाण. १८८३ च्या सुरुवातीला नवराबायको काही दिवसांच्या अंतराने वारले. हायड्यांना निदान आवरून निघायला वेळ मिळाला. १८९८ मध्ये, विल्हेल्म त्र्याहत्तर वर्षांचे आणि मारिया एकसष्ट वर्षांच्या असताना, त्यांनी केलाँग सोडले. तरीही घरी गेले नाहीत! दार्जिलिंगजवळ घूम येथे आणखी पाच वर्षे राहून विल्हेल्म यांनी तिबेटी बायबलचा मजकूर तपासून सुधारण्याचे काम केले, आणि शरच्चंद्र दास यांचा प्रचंड तिबेटी-इंग्रजी कोश १९०२ मध्ये कलकत्त्यात निघाला त्याच्या मुखपृष्ठावर संपादक म्हणून ग्रॅहम सँडबर्ग यांच्याबरोबर त्यांचे नाव आहे. १९०३ मध्ये ते जर्मनीला परतले. निघाल्यापासून बरोबर पन्नास वर्षे, मध्ये एकदाही मायदेशी फेरी नाही. १९०७ मध्ये विल्हेल्म गेले, मारिया १९१७ पर्यंत होत्या.

शंकासूर

पन्नास वर्षांत एकही रजा नाही, हे वाचून माझा आवाज जरा खाली आला आहे. तरी माझी मागणी कायम आहे. यापुढे कोणी केलाँगला जाईल तेव्हा रोजनिशीतल्या नावांचे वंशज तिथे कोणते आहेत आणि त्यांच्या घरी या ‘साहेब’ आणि ‘मेमसाहेब’विषयी काय सांगितले जाते, हे विचारून यावे. लिखित बाजू जर्मनीत नीट लावून ठेवलेली आहे. तोंडी बाजू केलाँगच्या म्हाताऱ्यांबरोबर रोज थोडी थोडी संपते आहे.

दोन_सुलट_दोन_उलट

मी जाते. ऑक्टोबर २०२० पासून रोहतांगखालून नऊ किलोमीटरचा बोगदा झाला आहे, म्हणजे माझ्या गुडघ्यांनाही केलाँग आता शक्य आहे. थंडीत जाईन, कारण बायका मोकळ्या बसलेल्या तेव्हाच सापडतील. सुया घेऊन जाईन. शंकासूर यांनी प्रश्न लिहून द्यावेत, पण फार नकोत. विणताना मी एका वेळी दोनच प्रश्न विचारू शकते.

बोरूबहाद्दर

आणि मला तो कोयता डोक्यावर घेतलेल्या ‘यू’चा अक्षरतक्ता कोणीतरी पाठवावा. भाषा येत नसली तरी चालेल, अक्षरे तर लावून पाहू. मोडीसुद्धा मी आधी तशीच शिकलो, मजकूर काय आहे ते न कळता.

ड्रेस्डेनकर

दप्तरखान्याजवळच्या दुकानात शाळेच्या मुलांसाठी छापलेला तक्ता मिळतो. पुढच्या शनिवारी जाणार आहे, तीन प्रती आणतो. एक माझी.